शुश्रूषेचा मूळ अर्थ

रोग्याच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. मलविसर्जनासाठी दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असलेल्या रोग्याच्या बाबतीत हा अर्थ फार नेमका ठरतो. भूक, झोप, वेदना यांविषयी रोगी बोलतो. या एका गोष्टीविषयी मात्र तो गप्प राहतो.

हे मौन निरुपद्रवी नसते. सुनेला वा मुलीला पुनःपुन्हा उठवावे लागू नये म्हणून अंथरुणाला खिळलेले वृद्ध पाणी कमी पितात, पेजेची वाटी अर्धी परत करतात, आलेला वेग दाबून धरतात. हालचाल आधीच थांबलेली असते. त्यात लोहाच्या वा तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध वाढतो. मळाचा खडा बसला की त्याच्या कडेने पातळ द्रव झिरपतो. घरची माणसे त्याला जुलाब समजून ते थांबवण्याचे औषध देतात आणि व्याधी बळावते. म्हणजे लाज ही येथे रोगाचेच एक कारण होते. म्हणून रोग्याची लाज राखणे हे केवळ सौजन्य नव्हे, तो उपचाराचा भाग आहे.

जाणकार परिचारिका हे ओळखून वागते. न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा ती रोज ठरल्या वेळी रोग्याला कमोडवर बसवते, पायांखाली पाट देते, पडदा ओढते आणि घाई करत नाही. स्वच्छता करताना त्वचा घासत नाही, हलकेच टिपून कोरडी करते, लाली आली आहे का ते पाहते. मुख्य म्हणजे रोग्याने सांगण्याची वाट न पाहता ती स्वतःच विचारते.

प्रश्न उरतो तो किळसेचा. किळस येत असताना केलेली सेवा खरी म्हणावी का? मला वाटते, म्हणावी. किळस ही देहाची प्रतिक्रिया आहे. ती चेहऱ्यावर उमटू न देणे हे मनाचे काम आहे, आणि नीतीचा संबंध मनाशी आहे.

पण आपल्या घरांत किळसेला सोवळ्याचाही आधार मिळाला. 'परसाकडे' हा शब्दच सांगतो की ही क्रिया घराबाहेरची. आजारपण ती माजघरात आणते, आणि मग ते काम घरातील स्त्रीकडे किंवा दुसऱ्या जातीच्या माणसाकडे सोपवले जाते. पेडण्यालगतच्या सिंधुदुर्गात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी याच वृत्तीशी झुंज दिली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला-सफाईचे काम मागितले. ते ब्राह्मण म्हणून त्यांना नकार मिळाला, तेव्हा त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला. डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभले. एका माणसाची शुद्धता दुसऱ्याच्या हातांवर उभी असेल, तर ती शुद्धता कसली, हा त्यामागचा प्रश्न होता.

तो अजून मिटलेला नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते. देशात ते ९ टक्क्यांहून कमी होते. पेडणे-डिचोलीच्या कित्येक घरांत मुले दूर आहेत आणि वृद्धांच्या उशाशी पगारी बाई आहे. तिला नेमण्यात काही गैर नाही. एकट्या सुनेची पाठ मोडावी, असा धर्म कोणी सांगू नये. मात्र जिच्या हातांनी आपल्या आईचे अंग स्वच्छ होते, तिच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवला जात असेल, तर त्या घरात शुश्रूषा विकत आणली गेली, घडली नाही. आणि दूर असलेल्या मुलानेही फोनवर केवळ 'जेवलीस का?' एवढेच न विचारता, 'पोट साफ झाले का?' हेही संकोच सोडून विचारावे. ज्या आईने त्याच्या बालपणी हा प्रश्न रोज विचारला, तिला उत्तर देणे मग थोडे सोपे जाईल.