सहीच्या आधी

फलटणच्या लक्ष्मीनगरातल्या एका बाईंनी वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलं. माण तालुक्यातला, डिप्लोमा झालेला एक मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागणार होता. खोल्या त्याला पसंत पडल्या. दस्त लिहून घ्यायला दोघं अण्णांकडे आले. अण्णांचं उभं आयुष्य दस्त लिहिण्यात गेलेलं.

"पाचशेच्या स्टँपवर लिहा, नोटरी करू, झालं," बाई म्हणाल्या.

"वहिनी, तेवढ्यानं भागत नाही," अण्णा म्हणाले. "महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही."

बाई गप्प झाल्या. मुलाचा चेहरा मात्र खुलला.

"तूही ऐक," अण्णा त्याच्याकडे वळले. "लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर खोली सोडली नाहीस, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं भरावं लागेल."

मग एकेक अट ठरली. रंगकामाचा खर्च कोणाचा, हे मुलानंच विचारलं आणि 'मालकाचा' असं लिहून घेतलं. उठता उठता अण्णांनी विचारलं, "नोकरीचा कागद कुठाय?"

"तो कंपनीचा छापील आहे, अण्णा. उद्या सही करायची. त्यात काय बघायचं?"

भाड्याच्या शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारी आपली मुलं नोकरीच्या कागदापुढं अशीच मुकी होतात. त्यांना दोष देववत नाही. एकेका जागेमागं किती जण उभे आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

अण्णांनी कागद शेवटपर्यंत वाचला. दोन अटींखाली त्यांनी रेघ मारली. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर १,२०,००० रुपये भरायचे. आणि सोडल्यावर तीन वर्षं अशाच दुसऱ्या कारखान्यात काम करायचं नाही.

"बाँड कोर्टात टिकत नाही, असं सगळे म्हणतात," मुलगा म्हणाला.

"सगळे अर्धंच सांगतात. कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातले गोळीकरी नावाचे कर्मचारी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून राजस्थानातल्या कोटा इथल्या कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. परवा, २०२५ मध्ये, विजया बँकेचा दोन लाखांचा बाँडही त्याच न्यायालयानं मान्य केला. करार चालू असतानाचं बंधन टिकू शकतं. करार संपल्यानंतरचं निराळं. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान, त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीनं मुदत संपल्यावरही त्याला अडवून धरायला बघितलं. २००६ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७."

"मग दुसऱ्या अटीची चिंता नाही?"

"कमी आहे. पहिलीची आहे. कलम ७४ म्हणतं, भरपाई वाजवी हवी. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. पण वाजवी किती, हे ठरवायला कोर्टाची पायरी चढावी लागेल. त्यापेक्षा उद्याच विचार: प्रशिक्षण काय देणार, त्याचा खर्च किती, आणि वर्षभर काम करून गेलो तरी पूर्ण रक्कम का?"

दुसऱ्या दिवशी मुलानं भीत भीत विचारलं. कंपनीच्या अधिकाऱ्यानं दुसरी अट काढायला साफ नकार दिला. पहिलीखाली मात्र एक ओळ वाढवली: काम केलेल्या प्रत्येक महिन्यामागे ५,००० रुपये कमी होतील. दोघांनी त्या ओळीशेजारी सह्या केल्या आणि मुलानं प्रत मागून घेतली.

सोळा महिन्यांनी त्याला शिरवळला चांगली नोकरी मिळाली. उरलेल्या आठ महिन्यांचे ४०,००० रुपये त्यानं भरले, पावती घेतली. तीन वर्षांच्या अटीची आठवण देणारं पत्र आलंच. अण्णांनी वकिलाकडून कलम २७ चं उत्तर पाठवायला लावलं. पुन्हा पत्र आलं नाही.

खोल्या सोडताना बाई रंगकामाचे पैसे कापायला निघाल्या होत्या. मुलानं कराराचं पान उघडून पुढं केलं. त्यांनी ते वाचलं आणि डिपॉझिट पूर्ण परत दिलं.