बसलेला ताण, दिलेला ताण

गच्चीवर सिमेंटच्या उथळ थाळीत माझी बोगनवेल उभी आहे. उंची हातभर, खोड मनगटाएवढं. सात वर्षांपूर्वी यवतमाळच्या दारव्हा रोडवरच्या नर्सरीतून काळ्या पिशवीत आली, तेव्हा हेच खोड करंगळीइतकं होतं. बोन्साय करायचं म्हणजे कात्री चालवत राहायचं, अशी माझी समजूत. वर्षभर तेच केलं. झाड लहान राहिलं, पण पोरासारखं लहान. म्हातारं काही दिसेना. खोड जाड होतं ते पानांच्या जिवावर, आणि पानं तर मीच छाटत होतो. मग अंगणातल्या जमिनीत लावून अडीच वर्षं मोकाट सोडली. कुंपणावर चढली, शेजाऱ्यांच्या छपरावर गेली, सगळ्यांना ओरबाडून झालं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी वीतभर खोड ठेवून बाकीची करवतीनं उडवली. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन छळता जी त्या झाडाले?"

उत्तर सुचलं नाही. पुढं फांद्यांना ॲल्युमिनियमची तार गुंडाळली, एकीवरची वेळेत काढायला विसरलो. तिचा वळ अजून सालीवर आहे. काकूंचा प्रश्न मला तिथं दिसतो.

जिल्हाभर जिच्यावर कापूस पिकतो ती काळी माती थाळीत कुचकामी ठरली. ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते. वाळली की भेगाळते आणि बारीक मुळ्या तोडते. मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत, यावर झाडानं जीव धरला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा थाळी तव्यासारखी तापते. हिरव्या जाळीखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागतं. लग्नाला परगावी जायचं तरी आधी झाडाची सोय.

छळाचंच म्हणाल तर शेताच्या धुऱ्यावरची बोर पाहावी. बकऱ्या वर्षानुवर्षं शेंडे खुडतात. खोड गाठाळ, पानं बारकी, उंची गुडघ्याएवढी. प्रदर्शनात ठेवली तर लोक फोटो काढतील. तिला कुणी घडवलेलं नाही. ती नुसती टिकली आहे. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तोही संत्र्याच्या बागेत.

वरुडकडचे बागायतदार आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, काही गळतात. याला म्हणतात ताण देणं. पुरेसा ताण बसला की पाणी सोडून तो तोडतात, आणि झाड फुलतं. बोगनवेलीचंही तसंच: लाडानं रोज पाणी पाजलं तर नुसती पानं, जरा तहानेली ठेवली की रंग. फक्त थाळीतल्या झाडाची तहान दिवसांत मोजायची असते, एखाद्या दिवसानं चुकलात तर फांदी वाळते.

पण मृगात पेरलेल्या पऱ्हाटीबद्दल बोलताना आपली भाषा बदलते. पाऊस दडी मारतो तेव्हा पिकाला ताण 'बसतो'. तो कुणी देत नाही, म्हणून तोडणाराही कुणी नसतो. दुबार पेरणी करणाऱ्याला व्यासपीठावरून "संकटं माणसाला घडवतात" असं ऐकवणारे भेटतात, तेव्हा मला राग येतो. झारी हातात असलेल्यानं बोलावं असं ते वाक्य आहे, आणि झारी हातात असलेला सहसा ते बोलत नाही. तो पानाकडे बघत असतो.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक जपानी पाइन आहे. 1625 पासून कुंडीत वाढलेला. 6 ऑगस्ट 1945 ला तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता. भिंतीच्या आडोशानं वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. बॉम्बची गोष्ट लोक सांगतात, आणि ती आहेच सांगण्यासारखी. मला मात्र पुढच्या दिवसांचं नवल वाटतं. शहर जळून गेलेलं असताना त्या कुंडीला पाणी कुणी घातलं असेल?

परवा पाच दिवसांचा ताण तोडला. काकू जिन्यावरून वर आल्या, वळ उमटलेल्या फांदीवरून त्यांनी बोट फिरवलं. आम्ही गावाला गेलो की थाळीला पाणी आता त्याच घालतात.