यंत्र सांगेल, पण थांबवणार कोण?

देवगाव फाट्यावर मालट्रक थांबला की चालक खाली उतरतो आणि दांडक्याने एकेक टायर ठोकून बघतो. आवाज टणक आला तर ठीक, बसका आला तर हवा बघायची. विमानाच्या सांगाड्यात बसवले जाणारे चिमुकले सेन्सर याच रीतीने काम करतात. नाण्याएवढी चकती पंखाला आतून चिकटवतात. ती कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी सोडते, पलीकडची चकती त्या टिपते. धडधाकट असतानाच्या नोंदीशी ताजी नोंद जुळली नाही, तर वाटेत चीर असल्याचा संशय घ्यायचा.

याची निकड आपल्या दारात आली आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान आकाशात झेपावलं. तेजसच्या बांधणीत कार्बन-धाग्यांच्या कॉम्पोझिटचा मोठा वाटा आहे. हे साहित्य हलकं असतं आणि गंजत नाही. पण त्यावर एखादा पाना पडला, तर वरून ओरखडाही दिसत नाही आणि आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. तिथे नुसती नजर तोकडी पडते. म्हणूनच थरांमध्ये केसासारखे बारीक प्रकाशतंतू घालतात. ताण पडला की त्यांतून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते.

मात्र, दोष कळला म्हणजे अपघात टळला असं होत नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं छत उडतानाच फाटून गेलं. एका हवाईसेविकेचा जीव गेला. रिव्हेटांच्या रांगेत धातूच्या थकव्याने चिरा पडल्या होत्या. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना चीर दिसलीही होती. त्या कोणाला बोलल्या नाहीत. पुलांचंही तेच. १५ जून २०२५ला पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला, चौघं गेले. तो धोकादायक आहे, हे आधीच ठाऊक होतं.

दोन्हीकडे माहिती होती, पण तिच्या जोरावर थांबवणारं कोणी नव्हतं. सेन्सर ही उणीव भरून काढत नाही. इशारा खोटा निघाला तरी विमान थांबवणाऱ्याला बोल लागणार नाही, ही हमी माणसांनीच द्यायची असते.

म्हणून विमान असो वा पूल, सेन्सरच्या निविदेतच लिहा: इशारा आल्यावर कोण थांबवणार आणि किती वेळात. एवढं ठरलेलं नसेल, तर सेन्सरवर पैसा घालू नका.