बघू

आमच्या गावात तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. उसने मागायला आलेल्याला 'बघू' म्हणायचं. पाहुण्यांना पोरगी द्यायची नसली, तर 'कळवतो' म्हणायचं. समोरचा काय ते उमजून चहा पिऊन उठतो, कुणाचं तोंड पडत नाही. कऱ्हाडपासून खाली कृष्णाकाठच्या गावांत हीच रीत. मी तिला जन्मभर शहाणपण समजत आलो.

माझ्या पुतण्याला ही रीत कधी उमजली नाही. लहान असताना आबा त्याला बांधावर बसवून "आलोच" म्हणून गेले, ते एका मयताला गुंतले. पोरगं दिवेलागणीपर्यंत बांधावर. चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता. बोलायला लागला ते थेट पुस्तकातली भाषा. डॉक्टरांनी सांगितलं, स्वमग्नता. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचं नाव आहे, म्हणून दाखला मिळाला. शब्द मात्र मला पटला नाही. सकाळी डेअरीवर मापाला बसणाऱ्या ह्या पोराला गावातल्या कुणाच्या म्हशीला काल किती फॅट लागलं ते तोंडपाठ. गाभण कोण, आटली कुणाची, सगळं ठाऊक. स्वतःत मग्न असलेला माणूस असा असतो होय?

बारावीच्या साली त्याच्या वर्गातली एक पोरगी किटली घेऊन यायची. पावती देताना हा तिला आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचा, "आज सहा पॉइंट आठ." ती हसायची. एक दिवस त्यानं पावती दिली आणि म्हणाला, "मला तू आवडतेस. मी तुला आवडतो का?" रांगेत तिच्यामागं आठ-दहा माणसं. ती म्हणाली, "बघू. परीक्षा झाल्यावर सांगते."

घरी येऊन त्यानं कॅलेंडरवर शेवटच्या पेपराच्या तारखेला गोल केला. मला विचारलं, "काका, ती काय सांगेल?"

मला तेव्हाच कळलं होतं. पण मी म्हणालो, "आधी अभ्यास कर. मग बघू."

पेपर संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या बोळाच्या तोंडाला जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही उभाच. संध्याकाळी तिचा बाप आमच्या सोप्यात येऊन बसला. भला माणूस. आवाज न चढवता म्हणाला, "तुमचं पोरगं वंगाळ न्हाय, मला म्हाईत हाय. पर गावाच्या तोंडाला झाकण कोण घालनार? पोरीचं कालेज बंद करायची पाळी आणू नका."

त्या रात्री गोठ्यात बसून मी त्याला सांगितलं. "तिला नको आहे. 'बघू' म्हणजे नाहीच होतं."

तो बराच वेळ दावणीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग सव्वीस दिवस जास्त लागले."

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचे आठ दिवस तो डेअरीवर गेला नाही. भाकरी समोर तशीच. कानांवर हात ठेवून गोठ्यात बसायचा आणि 'बघू, बघू' पुटपुटायचा. शेजारची म्हातारी म्हणाली, "त्याला काय कळतंय पिरमातलं!" वहिनी तिच्यावर कधी नव्हे ती ओरडली.

मी डोकं खात बसायचो. चूक कुणाची? पोरीला मी दोष देऊ शकत नाही. आठ-दहा माणसांसमोर सतरा वर्षांच्या पोरीनं 'नाही' म्हणावं, तर नकार ऐकून खुनशीनं मागं लागणारी पोरं काय कमी आहेत? तिचं 'बघू' ही तिची ढाल होती. ज्याला खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते, त्याला आडपडद्याचा हक्क आहे. पण मला कसली भीती होती? पोराचं तोंड उतरलेलं मला बघायचं नव्हतं, एवढंच. युधिष्ठिरानं 'हत्ती' हा शब्द हळू उच्चारला, तेव्हा त्याला द्रोणाचार्य आवरायचे होते. मी तर स्वतःला एक अवघड घटका चुकावी म्हणून खोटं बोललो, आणि त्याला दया म्हणत राहिलो. जो आपल्या शब्दावर उन्हात उभा राहतो, त्याच्याशी तरी धड बोलावं.

मग आम्ही दोघांनी एक नियम केला. विचारायचं एकदाच, आणि तेही चारचौघांत नाही. 'हो' सोडून ती काहीही म्हणाली, तर ते 'नाही' समजायचं. बोळात उभं राहायचं नाही. त्यानं तो वहीत लिहून घेतला. खाली माझ्यासाठी एक ओळ लिहिली, 'काकांनी लगेच सांगायचं.' आणि सही मागितली.

तो आता संध्याकाळच्या मापाला बसतो. तिच्या घरची किटली कधीमधी तिचा भाऊ आणतो. हा आकडा वाचून दाखवत नाही, नुसती पावती देतो. दुखायचं थांबलंय का, असं मी एकदा विचारलं. "नाही," म्हणाला. त्याचं 'नाही' म्हणजे नाहीच.

परवा त्यानं विचारलं, "काका, रविवारी बाजारला मला नेणार?" माझ्या तोंडात 'बघू' आलंच होतं. तो माझ्याकडं बघत होता.

"न्हाय रं," मी म्हणालो. "रविवारी पाण्याची पाळी हाय."

"बरं," म्हणाला, आणि आत जेवायला गेला.