गर्भधारणेचा अखत्यार

नव्या सुनेने वाकून नमस्कार केला, की ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देण्याची आपली वहिवाट फार जुनी आहे. आणि ज्या काळी देवी नि पटकी पाळण्यातली मुले उचलून नेत, त्या काळी त्या शब्दांत माया होती, हे मी मनापासून कबूल करतो. परंतु आठ हा आकडा ठरविताना, जिच्या उदरात ते आठ जीव वाढावयाचे तिला कोणी विचारले होते काय? संततिनियमन धर्म्य की अधर्म्य हा वाद माझ्या मते या एका प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकालाच्या सोळा रात्री मोजल्या आहेत, सम रात्री पुत्राच्या आणि विषम रात्री कन्येच्या अशी त्यांची वाटणीही केली आहे. स्त्रीच्या इच्छेचा रकाना मात्र त्या हिशेबात नाही. उलट इस्लामी धर्मशास्त्रज्ञांपैकी पुष्कळांनी ‘अझ्ल’ म्हणजे स्खलनापूर्वी विलग होण्याची मुभा दिली, ती पत्नीच्या संमतीच्या अटीवर. संमतीची ही अट मला त्या मुभेहूनही मोलाची वाटते.

1935 च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींना भेटल्या, तेव्हा कृत्रिम साधनांना गांधीजींनी ठाम विरोध केला आणि स्त्रीने पतीला ‘नाही’ म्हणावयास शिकले पाहिजे, असे सांगितले. स्त्रीच्या नकाराला इतका मान देणारे पुरुष त्या काळी विरळाच होते, हे ध्यानात घेऊनही विचारावेसे वाटते, की जिच्या नावावर घर नाही, हाती पैसा नाही आणि माहेरचे दार लग्नाबरोबरच मिटलेले आहे, तिने तो नकार कोणाच्या आधारावर उच्चारावा? आत्मसंयम हे व्रत खरे. पण व्रत ज्याचे त्याने स्वेच्छेने घ्यावयाचे असते, आणि पतीने न घेतलेल्या व्रताचा भंग पत्नीच्या देहावर बाळंतपणाच्या रूपाने उमटावा, यात धर्म कोठे उरतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते त्या साधनांचे ज्ञान स्त्रीच्या हाती पडावे म्हणून. त्यापायी त्यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 पासून चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांतील एकात त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

ज्ञानाचा प्रसार त्यानंतर झाला, यात शंका नाही. 1952 पासून तो सरकारी कार्यक्रमच झाला, आणि 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निदान एक तरी साधन ठाऊक असलेल्या विवाहित स्त्रिया शेकडा 99 हून अधिक आढळल्या. तांबी, गोळ्या, निरोध ही नावे आता खेड्यातील आरोग्य केंद्राच्या भिंतीवरही वाचावयास मिळतात. तथापि त्याच दप्तरात असे नमूद आहे, की विवाहित जोडप्यांपैकी शेकडा 37.9 ठिकाणी स्त्रीचे ऑपरेशन झालेले होते, आणि पुरुषाची नसबंदी शेकडा 0.3 ठिकाणी; शिवाय, संततिनियमन ही बायकांची बाब असून पुरुषाने तिच्यात पडू नये, असे सुमारे एकतृतीयांश पुरुषांचे मत पडले. म्हणजे जाणीव सर्वत्र पोहोचली. पण मूल हवे तेव्हा निर्णय घराण्याचा, आणि नको तेव्हा टाके तिच्या पोटावर, ही विषम वाटणी जागची हललेली नाही. कित्येक स्त्रियांनी ते ऑपरेशन स्वखुशीने, सुटकेचा श्वास टाकीत करून घेतले असेल. त्यांच्या त्या निर्णयाचा मी आदरच करतो. माझी तक्रार आहे ती, दुसरा देह त्या हिशेबात कधी धरलाच जात नाही, याविषयी.

कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी अपत्य होऊ द्यावयाचे नाही असे ठरविले, तेव्हा शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी.