दहाचा जनरेटर

एकलहऱ्यात अंधार कसा तो माहीतच नाही. आम्ही वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. 210 मेगावॉटचे तीन संच, कोळशाच्या वाघिणी, तीन पाळ्या. रात्री दोनला उठून पाहिलं तरी धुराड्यांवरचे लाल दिवे जागे. घरातही तीच तऱ्हा. टीव्ही बंद केला की मोबाइल, मोबाइल ठेवला की पुन्हा टीव्ही. दिवस संपला कधी, ते कळत नाही. डोळा लागला की संपला म्हणायचं.

गेल्या शनिवारी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली आणि गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेलो. लोक लेणी बघायला जातात, मी मित्राकडे गरवायला गेलो होतो. शिकाऊ उमेदवार म्हणून तो वर्षभर एकलहऱ्याला होता. सुटीच्या दिवशी आम्ही गोदावरीवर गळाला कणकेची गोळी लावून बसायचो. गळ पानवेलीत अडकायचा, मासा क्वचितच. तेव्हा त्याच्या बेटावर वीज नव्हती. हा दिवसभर विजेच्या कारखान्यात, आणि घरी संध्याकाळी जेमतेम तीन-साडेतीन तास जनरेटर. त्याला त्याचं काही वाटत नसे. मलाच वाटायचं.

दुपारी त्याने बोटांवर हिशोब केला. "आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पाणी भरेल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. तीनला मोराबंदरच्या खडकांवर बसलो. गरीला कोळंबी लावली. दोन शिंगाळे आणि एक बोटभर खरबी मिळाली. शिंगाळ्याचा काटा लागला की हात ठणकत राहतो, म्हणून त्याने मासा चपलेखाली दाबला आणि पक्कडीने गरी काढली. पाणी कालवांच्या रेषेपर्यंत चढलं, थोडा वेळ नुसतं उभं राहिलं, आणि मग तंगूस हळूच उलट्या अंगाला कलला. "पानी फिरला, चल," म्हणत तो उठलासुद्धा. नेमकं तेव्हाच माझ्या गरीला काहीतरी टोकरत होतं. "अरे, पाचच मिनिटं थांब." तो हसला. "उद्या आहेच की भरती. पाऊण तास उशिरा, एवढंच."

फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून घारापुरीला वीज आणली. आता मित्राकडे फ्रिज आहे, पंखे आहेत, मोठा टीव्ही आहे. अंधारच बरा होता, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्याच्या आईने चिमणीच्या उजेडात वर्षानुवर्षं मासे साफ केलेत, तिला विचारावं. पण रात्री दहा वाजले तसा मित्र उठला. टीव्ही बंद केला, आतला दिवा मालवला. "गेला जनरेटर," आई म्हणाली आणि सगळे ओट्यावर येऊन बसले. जनरेटर केव्हाच गेला, दहाची सवय मात्र घराने ठेवली. जेवण, भांडी, पोरांचा अभ्यास, सगळं दहाच्या आत उरकतं. कारण दहाला बाहेर बसायचं असतं. फार कोणी बोललं नाही. पलीकडे न्हावाशेव्याच्या बंदरावर दिवे लखलखत होते. धाकट्याने आजीच्या मांडीवर डोकं टेकलं. आपण दिवस उगवायचा म्हणून गजर लावतो. तो मावळावा म्हणून काही करत नाही, हे मला तिथे बसल्यावर सुचलं. कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे हे. वेळ ज्याने त्याने आपली ठरवावी, नऊ म्हणा, साडेदहा म्हणा.

सोमवारी आमच्याकडे दहाला दिवे मालवले. लेक लगेच म्हणाली, "बाबा, लाइट गेली?" तेवढ्यात समोरच्या क्वार्टरमधले काका दारात आले. "तुमचीच गेली का हो? आमची तर आहे!"

"गेली नाही काका, बंद केलीय. या, पायरीवर बसतोय आम्ही."

ते चपला सरकवून आले.