दम कमवावा लागतो

सिंगापूरचं जुरोंग आयलंड म्हणजे सात बेटं भरावानं जोडून वसवलेलं तेल-रसायनांच्या कारखान्यांचं बेट. तिथं पाळीत काम करणारा एखादा मराठी माणूस उजाडण्याआधी दमट हवेत धावायचा सराव करतो, तेव्हा डोळ्यांसमोर बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे असतो. त्याच्या शर्यतीत २८ अडथळे, ७ पाणउड्या, तरी लय तीच! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशनं तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. हा वेग आपल्याला झेपणार नाही. पण अडथळा दिसताच पाय आखडता न घेणं, हे नक्कीच शिकता येतं. थोरांची धाव पाहून हुरूप येतो. दम मात्र रोज पहाटे उठून स्वतःच कमवावा लागतो.